बिनाकलमाचं झाड

आमच्या घरामागं, मोरीचं पाणी जिथं वाहून जातं तिथं, एक संत्र्याचं झाड उभं आहे. त्याला कलम नाही. बियापासून उगवलेलं. आमच्याकडं अशा झाडाला बिजू म्हणतात. काटे बाभळीसारखे, बुंधा सरळ वर गेलेला, पसारा नाही. बगीचा पाहायला आलेले व्यापारी मोरीवर हातपाय धुवायला जातात अन् येताना विचारतात, "दादाजी, हे कायले ठेवलं? तोडून टाका ना." मी म्हणतो, उभं आहे तर उभं राहू द्या. याहून जास्त बोलायची आता ताकद नाही.

आमच्या तिगावच्या अंगाला कोणी शहाणा माणूस बिजू लावत नाही. आम्ही आधी जंबेरीचं रोप वाढवतो. जंबेरी म्हणजे खरबड्या सालीचं आंबट लिंबू. त्याची काडी बोटाएवढी झाली की सालीला चीर द्यायची, त्या चिरेत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा अन् वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा कापून फेकायचा. मग खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. खालच्याला खुंट म्हणतात. पांढुर्ण्याचा अन् सौसरचा सगळा संत्रा असा दुसऱ्याच्या पायावर उभा आहे. कलमाचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं. बिजू तेवढ्या वर्षांत नुसते काटे वाढवतो. कधी फळ देईल, देईल का नाही, काही सांगता येत नाही.

हे झाड माझ्या बायकोनं लावलं. मागच्या दिवाळीनंतर ती गेली.

तिला रोग झाला तेव्हा आम्हाला रोग वाटलाच नाही. कापूस वेचताना ती दोन ओळी करून धुऱ्यावर, बांधावर बसायची. आधी कधी बसत नव्हती. डाव्या बरगडीखाली जड लागतं म्हणायची. वायगोळा असेल म्हणून ओवा-सैंधव झालं, शेकणं झालं. मग पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं अन् म्हणाला, नागपूरले जा, उद्याच जा.

नागपूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण बाई होत्या. आमच्या पोरीच्या वयाच्या. बाहेर एवढी गर्दी, तरी त्यांनी खुर्ची आमच्याजवळ ओढली. म्हणाल्या, "रक्ताचा कॅन्सर आहे. पण हळू चालणारा आहे. याच्यावर रोजची गोळी आहे, काकू. सलाईन नाही, केस जाणार नाहीत."

बायको बाईच्या तोंडाकडं पाहत होती. मी जमिनीकडं.

मग बाईनं समजावून सांगायला घेतलं. पेशी पेशी म्हणत होत्या. मध्यप्रदेशात जन्म गेला माझा, मला पेशी म्हणजे तहसीलीतली तारीख. बायकोनं कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाली, "आंगातल्या सांगून राहिली बाई, कचेरीतल्या नाही."

बाईनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मी पाचवीच्या पुढं गेलो नाही, चुकलं तर बाईचा दोष नाही. अंगातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं काम करतात. त्यांतली एक जात आहे, कायनेज. माणसाच्या अंगात ती शेकडो प्रकारची असतात. त्यांचं काम दुसऱ्याला इशारा देणं. ऊठ, वाढ, दोनाचे चार हो. अन् इशारा तोंडानं नाही देत. खुराकातला एक कण तोडून दुसऱ्याच्या अंगाला चिकटवतात. तो चिकटला की दुसरा कामाला लागतो. कणाचं नाव फॉस्फेट.

मी म्हटलं, "सुपर फॉस्फेटचं पोतं पडलं आहे घरी. तेच का?"

"जात तीच, काका. पण कणाचाही कण."

बाईनं आपले दोन हात एकावर एक धरले, मधे फट ठेवली. वरचा भाग लहान, खालचा मोठा, मधे खाच. खाचेत खुराक येऊन बसतो. चांगल्या कायनेजला आपलं आपण गप बसायची सोय असते. काम झालं की एक पट्टी आत वळते, खाच मिटते, इशारा बंद. "काकूंच्या रक्तात गडबड अशी झाली," बाई म्हणाल्या, "दोन वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे तुटले अन् भलत्याच जागी एकमेकांना जुळले. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड. जुळताना गप बसवणारा भाग तुटून गेला. आता ते थांबतच नाही. रात्रंदिवस वाढ, वाढ."

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे कलम झालं."

बाई हसल्या. "हो काका. कलमच समजा. चुकीचं कलम."

हा शब्द बायकोनं ऐकला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

गोळी काय करते, तेही बाईनं हातानं दाखवलं. गोळी त्याच खाचेत जाऊन बसते. कायनेज मिटलेलं असताना त्याला तसंच धरून ठेवते, उघडू देत नाही. खुराक दारात येतो, जागा नाही पाहून परत जातो. इशारा बंद पडला की त्या इशाऱ्यावर जगणाऱ्या पेशी आपोआप कमी होतात. पण गोळी रोज पाहिजे. एक दिवस सोडला की खाच मोकळी.

बायकोनं एवढ्या वेळात एकच गोष्ट विचारली. "पथ्य काय, बाई?"

"पथ्य काही नाही. जेवून घ्यायची, वरून भरपूर पाणी. हां, चकोतरा खायचा नाही, ते पपनसासारखं मोठं फळ. चकोतरा अन् तसली फळं. त्यानं गोळी पोटात नीट मोडत नाही, अंगात साचत जाते."

झालं. आम्ही उठलो.

नागपूर स्टेशनावर गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. पिशवीत घरचे संत्रे होते. बायकोनं एक हातात घेतला, सोलला नाही.

"चकोतरा कोनाच्या जातीचा जी?"

"लिंबाच्या."

"अन् जंबेरी?"

"तेही लिंबाच्याच."

"अन् आपल्या संत्र्याचा खुंट?"

मला कुठं चालली ते समजलं. मी म्हटलं, "अवं, पण फळ तर संत्र्याचं येते ना."

"खुंटाचा गुण फळात उतरते का नाही? तुम्हीच सांगता व्यापाऱ्याले. जुन्या जंबेरीवरचा माल आहे, साल कशी घट्ट पाहा. सांगता का नाही?"

सांगत होतो. खरंच आहे ते. दुसऱ्या खुंटावरच्या संत्र्याची साल पोचट होते, गोडीही बदलते. बगीच्यातल्या कोणालाही विचारा.

"अन् रोग तरी कायचा निघाला मले?" ती म्हणाली. "कलमाचा. आता कलमाचंच फळ खाऊन त्याले खुराक देऊ का?"

मग तिनं तो संत्रा सोलला. गोळी उद्यापासून सुरू व्हायची होती. एकेक फाक काढून सावकाश खाल्ली. बिया गालात ठेवून बोलायची तिची सवय होती, शेवटी सगळ्या एकदम हातावर काढायची. त्या दिवशी हातावर काढल्या अन् पदराच्या टोकाला बांधल्या.

"हे कायले?" मी विचारलं.

"लावतो मी. बिजूले खुंट नसते. याचं खाईन."

"बी तर कलमाच्याच झाडाचं आहे."

"लेकरू का मायच्या पायानं चालते? गाडी आली, उठा."

आमची पोरगी सौसरला दिली आहे. तिला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "माय, संत्र्याचं एकदा डॉक्टरले विचार ना. मी विचारतो." बायको म्हणाली, "खबरदार. विचारलं का ते अजून दोन गोष्टी बंद करते. आज संत्रा गेला, उद्या हिरवी मिरची जाईल. मले जेवू द्या." मलाही तिनं तसंच दटावून ठेवलं. दर खेपेला नागपूरला जाताना गाडीतच बजावायची, संत्र्याचं तोंडातून काढू नका. मी नाही काढलं. आजार तिचा, तोंड तिचं.

अन् गोळी लागू पडली. बरगडीखालचं जड गेलं. ती परत वावरात जायला लागली. पायात गोळे यायचे, डोळ्यांखाली सूज राहायची, मळमळ व्हायची. तिचा रंग मात्र उजळला. गोळीनं तसं होतं म्हणे कोणाकोणाला. गावातल्या बाया विचारायच्या, काय लावतं वं तोंडाले? ती सांगायची, "बुढा आणून देते नागपूरवरून. लग्नात काळी आहे म्हणून तोंड फिरवलं होतं, आता हौस आली."

मी तोंड फिरवलं नव्हतं. बाशिंग डोळ्यावर आलं होतं. पण ती चार माणसांत सांगत सुटली की अडवणार कोण.

बगीचा आमचा, तोडणी आमची, घरात संत्र्याचे ढीग, अन् ही बाई एका फाकेला हात लावायची नाही. मजुरिणींना निवडून द्यायची, पोरीकडं पिशव्या पाठवायची. मीही घरात खायचो नाही. तिच्यासमोर कसा खाऊ? वावरात खायचो. हात मातीनं घासायचो, कपाशीच्या पाल्यानं पुसायचो. पण संत्र्याच्या सालीचा वास असा जात नाही. ताट वाढताना ती माझा हात धरायची, नाकापाशी न्यायची.

"किती खाल्ले?"

"एक."

"एकानं एवढा वास येत नाही बाप्पा. खा, खा. तुमच्या आंगात कलम कुठं आहे? तुम्ही तर जन्माचेच बिजू, नुसते काटे."

बिजू तिनं मोरीपाशी लावला. त्या बियांतलं एकच रोप टिकलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, इथं पाण्यात नको, बुंध्याला डिंक सुटेल. ती म्हणाली, इथं माझ्या नजरेसमोर राहील. भांड्यांचं पाणी, कपड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं त्याच्या मुळाशी. झाड वाढलं. कौलाच्या वर गेलं. तिच्या हाताला ओरबाडे, पदराला खोंबारे. फूल नाही.

दर तीन महिन्यांनी नागपूर. रक्त देणं, वाट पाहणं, कागद घेणं. बाई कागद पाहून म्हणायच्या, "छान, काकू. गोळी खाचेत घट्ट बसली आहे." घरी आली की पिशवी ठेवून ही आधी मोरीकडं जायची अन् झाडाला वरून खालून पाहायची. तिची एक शर्यत सुरू होती, हे मला हळूहळू कळलं. झाडाला फळ आधी येते का गोळी आधी थकते. असं ती तोंडानं कधी म्हणाली नाही.

मी सांगत होतो. संत्र्याला फूल असंच येत नाही. त्याला ताण द्यावा लागतो. पौषाच्या आधीपासून पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत झाडाला तहानेलं ठेवायचं. मग एकदम पाणी सोडलं की झाड घाबरून फुलावर येतं. हे काय तिला माहीत नव्हतं? चाळीस बहार तिनं माझ्यासोबत धरले. मी म्हणायचो, "मोरीचं पाणी दुसरीकडं काढतो. एक महिना तहानेलं राहू दे त्याले."

ती म्हणायची, "जनमभर झाडं उपाशी ठेवूनच फळ घेतलं. याले नाही ठेवत मी. याचं वय झालं का येईल आपोआप."

"मोरीत पाय घालून बसलेलं झाड आपोआप काय देते, पाला?"

"तुमच्यासारखं आहे. तुम्ही काय दिलं?"

मी बिडी पेटवायचो.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग एका खेपेला बाईनं कागद पाहिला अन् छान म्हटलं नाही. पुन्हा रक्त घेतलं, लांब कुठं तपासायला पाठवलं. तो निकाल आला त्या दिवशी बायकोला सुईसाठी दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. मला बाईनं आत बोलावलं.

"काका, त्या खाचेच्या तोंडाशी एक बारीक दाणा असतो. दारावरच्या माणसासारखा. तो बदलला आहे. पहिला लहान होता, त्याच्या बाजूनं गोळी आत जात होती. आता तिथं फुगीर दाणा आला. गोळी अडते."

"अन् खुराक?"

"खुराक जातो आत. तो अडत नाही."

मला हसू आलं. रडण्याऐवजी येतं तसं. एवढ्याशा दाण्यासाठी. मी विचारलं, गोळी रोज घेतली, एक दिवस चुकली नाही, मग बदलला कसा? बाई म्हणाल्या, कोणी बदलला नाही. पेशी दोनाच्या चार होतात तेव्हा नकलेत चुका होतात. अशीच एक चूक गोळीला पुरून उरली. बाकीच्या पेशी मेल्या, ती एक वाढली. मला आमचा पानसोट आठवला. खुंटातून फुटणारा तो सरळसोट फोक. बाकीचे छाटले तरी मातीखालचा एक राहून जातो अन् महिन्यात झाडाच्या वर निघतो, फळ न देता सगळा रस पितो.

दुसरी गोळी देऊन पाहतो, बाई म्हणाल्या, पण तीही बहुतेक त्याच दाण्यापाशी अडेल. एक त्या दाण्याला वळसा घालून जाते, पण काकूंच्या हृदयाला अन् रक्ताच्या नळ्यांना ती झेपायची नाही.

मी उठलो. दारापर्यंत गेलो अन् परत फिरलो. एवढ्या वर्षांचं तोंडाशी आलं होतं. "बाई, आता तिनं संत्रा खाल्ला तर चालेल का?"

"संत्रा?" बाईंना समजेना. "संत्र्याला मी कधी नाही म्हटलं? चकोतरा म्हटलं होतं."

"खुंट जंबेरीचा असते. लिंबाच्या जातीचा."

"खुंट खाली राहतो, काका. गोळीला अडचण होईल असं काही संत्र्यात नसतं. रोज खाल्ला असता तरी चाललं असतं." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे काकूंनी एवढी वर्षं..."

मी बाहेर आलो.

ती बाकावर कोपरात कापसाचा बोळा दाबून बसली होती. जवळ बसलो. मला गोड बोलता येत नाही. आत एक, बाहेर एक असं मला ठेवता येत नाही. "गोळी चालेनाशी झाली," मी म्हटलं.

"समजलं मले. बाईनं आज डोक्यावरून हात फिरवला."

"अन् संत्रा चालत होता म्हणते. पैलेपासून."

तिनं बोळा उचलून पाहिला, परत दाबला. समोरून एक माणूस चाकाच्या खुर्चीत बायकोला ढकलत गेला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली.

"त्या बाईनं कधी डोळा बांधला का?"

"नाई."

"मंग तिले खुंट काय मालूम?" अन् थोडं थांबून, "गोळी एवढे वर्स कशानं चालली मंग? इथंच बाकावर ऐकलं मी, कोनाकोनाची तर लवकर बंद पडते. माही कशानं चालली?"

मी माणूस तोंडाचा फटकळ. पांढुर्ण्याच्या बाजारात माझ्याशी भाव करायला लोक भीत होते. पण त्या बाकावर मला हिला खोटं पाडता आलं नाही. मी म्हटलं, "चाल, गाडी सुटते."

दुसरी गोळीही बाई म्हणाल्या तशी दाण्यापाशीच अडली. बायकोला ताप आला तो उतरेना. तोंड आलं. गिळायला त्रास होऊ लागला. आंबिया बहाराचा, म्हणजे माघातल्या फुलांचा, माल तेव्हा रंगावर येत होता, मी रोज झाडावरचा एक निवडून आणायचो. पातळ सालीचा, जड. फाकेवरचा पापुद्रा काढून, बिया काढून वाटीत ठेवायचो. घरभर वास. ती वाटी सरकवून द्यायची.

"हट्ट कायचा आता?" मी ओरडलोसुद्धा. "बाईनं सांगतलं ना, काही नाही होत!"

"होत नसन. पण ज्याच्यासाठी थांबली त्याचंच खाईन. एवढं राहिली ना मी, आता कायले मोडू?"

मी फावडं उचललं. सरळ मोरीमागं गेलो. पाणी दुसरीकडं काढून द्यायचं, ताण बसवायचा, यंदा फुलावर आणायचं, एवढंच डोक्यात. पुढचा हिशेब मी केला नाही. आज ताण बसला तर फूल माघात, फळ पुढच्या दिवाळीला. ती मागच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. सावली अंगावरून गेली होती, उन्हातच बसली होती.

"फावडं ठेवा," ती म्हणाली.

"एक महिना पाणी तोडतो फक्त."

"माहे भांडे मी इथंच धुईन. ठेवा ते."

ठेवलं.

दिवाळी झाली अन् ती गेली. त्याचं लिहिण्यासारखं काही नाही. पोरगी होती जवळ. मी पाय धरून बसलो होतो, तिच्या पायात गोळे यायचे म्हणून.

तेरवी झाली, माणसं गेली. मग घरात मी. एकट्या माणसाचं भांडं काय, एक ताट अन् भाताचा एक गंज. कपडे आठवड्यातून एकदा, तेही जमले तर. आंघोळ विहिरीवरच उरकायचो, मोरीपर्यंत पाणी वाहून नेण्याचा कंटाळा. बगीच्यात लक्ष नव्हतं, व्यापाऱ्यानं झाडावरचा माल तोडून नेला तेव्हा मी खाटेवरून उठलोही नाही. पौषात कधीतरी मागच्या दारात गेलो तर मोरीची नाली कोरडी, चिखलाला भेगा. बिजूची पानं वळली होती, काही गळून खाली पडली होती. वाटलं, हेही चाललं. जाऊ दे म्हटलं अन् आत येऊन पडलो.

पोरगी सौसरवरून आली ती माघाच्या तोंडाला. घराची दशा पाहून माझ्यावर चिडली. "बाबा, असे कसे राहून राहिले तुम्ही? मायच्या गोधड्या अजून तशाच?" तिनं सगळ्या काढल्या. तिच्या मायनं शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या. दोन दिवस मोरीवर बसून धुतल्या. हौदभर पाणी काढलं मी. साबणाचं पाणी नालीतून वाहत वाहत झाडाखाली जाऊन साचलं. पोरगी धुताना रडत होती, मी पाणी ओतताना तिच्याकडं पाहत नव्हतो. मग ती सौसरला गेली.

पंधरवडा झाला असेल. सकाळी मागचं दार उघडलं अन् वास आला. बगीचा त्या अंगाला नाही, तिथून वास येत नाही. मी वर पाहिलं. काट्यांच्या मधून पांढरं.

मी तिथंच पायरीवर बसलो. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ताण बसला होता. ती होती तोवर नाली कधी कोरडी झाली नाही. ती गेली, कोरडी झाली. मग तिच्याच गोधड्यांचं पाणी मिळालं. एवढंच झालं. यात देवाचं काही नाही, कोणत्याही बगीच्यात असंच होते.

मला राग आला. कोणाचा, ते माहीत नाही.

फुलं पुष्कळ गळाली. उन्हाळ्यात बोराएवढी फळं होती, तीही टिपटिप पडली. टिकली ती चार-दोन, शेंड्याकडं, काट्यांच्या आत. मी काठी लावून कावळे हाकलत होतो. पोरगी फोनवर विचारायची, "पिकलं का, बाबा?" मी म्हणायचो, "हिरवं आहे." नंतर म्हणायची, "डॉक्टर बाईंना एक नेऊन द्या." मी म्हटलं, "त्याइले काय करायचं?"

यंदाची दिवाळी झाल्यावर त्यांना रंग चढला. काल एक काढला. हाताला तीन ठिकाणी ओरबाडलं. मागच्या पायरीवर बसलो, जिथं ती बसायची. सोलला. साल घट्ट होती. फाक तोंडात टाकली.

ती असती तर तिनं मला हेच विचारलं असतं, सांगा, खुंटाचा गुण नसला तर कसा लागते? म्हणून मी डोळे मिटून नीट खाल्लं. खोटं कायले लिहू. आपल्या बगीच्यातल्या संत्र्यासारखाच लागतो. तसाच गोड, तसाच आंबट. मला काही वेगळं लागलं नाही. सगळा संपवला, तरी नाही.

बिया मात्र भरपूर निघाल्या. एरवी मी थुंकून देतो. काल थुंकता आल्या नाहीत. गालात धरून तसाच बसलो होतो. शेजारचा आवारातून म्हणाला, "दादाजी, काय खाऊन राहिले?" तोंड भरलं होतं, मला बोलता आलं नाही. मी हात वर केला, झाडाकडं दाखवला.